कॅरेबियन बेटांदरम्यान एकाच दिवसात वारा इतका का बदलतो?

सेंट लुसियाहून दक्षिणेला सेंट व्हिन्सेंटकडे शिडाच्या बोटीनं निघालं, तर मधला उघडा समुद्र जेमतेम ४० किलोमीटरचा. पण फसगत होते ती सेंट लुसियाचा किनारा सोडतानाच.

इथे वर्षभर मुख्यतः पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. बोटी मात्र बेटाच्या पश्चिम बाजूनं जातात आणि तिथे डोंगर वारा अडवतात. पिटन नावाचे दोन सुळके तर ७०० मीटरहून उंच आहेत. या आडोशाला शीड लुळं पडतं, बऱ्याचदा इंजिन लावावं लागतं. मधेच डोंगरावरून एखादा झोत धाडकन खाली येतो, ते वेगळंच.

बेटाचं टोक ओलांडलं की चित्र पालटतं. दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात वारा जोर धरतो, अटलांटिकच्या लाटा डाव्या बाजूनं आदळतात आणि प्रवाह बोटीला पश्चिमेकडे ढकलतो. म्हणून शीड गुंडाळून लहान करायचं ते वारा नसतानाच! नवख्याला हे उलटं वाटतं. पण उसळत्या डेकवर तेच काम जोखमीचं होतं.

त्यात स्क्वॉल, म्हणजे पावसाची छोटी वादळी झोड. पूर्वेला काळा ढग आणि त्याखाली पावसाचा पडदा दिसला की तयारीला मिनिटंच उरतात. पाव-अर्ध्या तासात बहुधा पुन्हा ऊन पडतं. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. तेव्हाचा धोका याहून कितीतरी मोठा.

काहीही झालं तरी उजेडातच पोहोचायचं. प्रवाळाचे खडक पाण्याच्या रंगावरून ओळखावे लागतात आणि इथे अंधार झटकन पडतो. पोहोचल्यावर आधी पिवळा झेंडा लावायचा, कारण आता देश बदललेला असतो.