मांडव आणि गुत्ता

ताडीला प्रवास सोसत नाही. पहाटे झाडावरून उतरवलेला रस उन्हे वर येईपर्यंत गोड असतो, दुपारी आंबूस होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पिण्यापेक्षा शिरक्याच्या कामाचा. मडक्यातले किण्व रस ठिबकू लागल्याक्षणीच कामाला लागते. मडके आतून चुन्याने सारवले, तर आंबणे रोखले जाते आणि मिळते ती नीरा. रसायन एवढेच. पण उत्तर कोकणातल्या वाड्यांचा बराच सामाजिक इतिहास त्यावर उभा आहे, असे मला वाटते. जो माल दूर जाऊ शकत नाही, त्याच्याकडे माणसांनाच यावे लागते.

आम्ही जातीने भंडारी. आजोबा वसईच्या उत्तरेला ताड छेदत. वडील पोस्टात लागले आणि घरात ताडीचा उल्लेखही बंद झाला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरीतून रजा टाकून मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन बसू लागलो, ते घरात न बोलल्या गेलेल्या या गोष्टीचे कुतूहल म्हणून. पुढे त्याचे व्यसन लागले. हे एक व्यसन घरच्यांनी चालवून घेतले.

छेदणारा माणूस सकाळ-संध्याकाळ झाडावर चढे. कमरेला कोयता आणि भोपळ्याचा तुंबा. पोयीचे तोंड रोज पातळ छाटायचे, म्हणजे रस वाहता राहतो. एक दिवस चुकला तर जखम सुकते. म्हणून हा माणूस वाडी सोडून कुठे जात नसे. तो कुठे सापडेल हे सगळ्यांना ठाऊक असे. झाडाखाली झावळ्यांचा मांडव, दोन-चार मडकी, बसायला ओंडके. आगरी, कोळी, वारली तिथे येत. लावणीला माणसे कुणाकडे मिळतील, बैल कुणाचा विकायचा आहे, कुणाची सोयरीक मोडली, याची खबर मांडवातच लागे. पैसे नसले तर हिशेब भातकापणीवर जाई. वारल्यांच्या लग्नात देवाला ताडी लागे, तीही इथूनच. गोव्यात आणि मुंबईत पाव फुगवायलाही माडाचीच सूर वापरत. म्हणजे पिणारा आणि न पिणारा, दोघांचाही या झाडाशी संबंध होता. सगळे एका ओंडक्यावर बसत, असे मात्र मी म्हणणार नाही. जातीची पायरी मांडवातही होती.

मग मराठीत या जागेचे नाव ‘गुत्ता’ का पडले? गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. सरकारकडून विक्रीचा हक्क लिलावात घेणाऱ्याचा तो शब्द. तो जागेला चिकटला आणि मूळ अर्थ आपण विसरलो. माणसे जिथे बसत, त्या ठिकाणाला महसुलाच्या व्यवहाराचे नाव मिळाले. या एका शब्दात सगळी गोष्ट आली आहे.

ती गोष्ट वेगाने घडली १८७८ नंतर. त्या वर्षी मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या धोरणाचा कर्ता. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत दारू गाळायची आणि तिच्यावर कर घ्यायचा, हा त्यातला विचार. पण ताडी स्वस्त राहिली तर कर भरलेली दारू कोण घेणार? म्हणून ताडाच्या झाडांवरचा कर वाढवला गेला. भंडाऱ्यांनी गाऱ्हाणी मांडली. त्यांचा मुद्दा सरळ होता : झाड आमचे, कष्ट आमचे, आणि कर मात्र रस निघण्याआधीच. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला आणि रानात पडलेली फुले बाळगणेही गुन्ह्याच्या कक्षेत आले. १८७८ मध्येच झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने हीच अबकारी पद्धत गोव्यातल्या रेंदेरांपर्यंत नेली. तो तह १८९२ मध्ये संपला.

परिणाम उलटा झाला. सौम्य आणि ताजे पेय महाग पडू लागले. कडक, बाटलीत टिकणारे, दूर जाऊ शकणारे पेय सरकारच्या सोयीचे ठरले. गावचा माणूस गाळत होता तोवर पिणाऱ्याला तो ओळखत होता. मक्तेदाराला फक्त खप ओळखीचा होता.

इथे सुधारकांची आठवण ठेवलीच पाहिजे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातही पिण्याची एक बैठक आहे, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ. पण ती शहरी, पांढरपेशी बैठक. मराठी मनात दारूचे जे चित्र ठसले, ते या नाटकाचे. झावळ्यांच्या मांडवावर असे नाटक कुणी लिहिले नाही.

मी हे सगळे एकदा आजीला उत्साहाने वाचून दाखवले. तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. ऐकून म्हणाली, “मांडवात पुरुष बसायचे रे. आम्ही घरी वाट बघत बसायचो. ती बैठक तुझ्या कागदात आहे का?” नव्हती. अजूनही नाही. जुन्या अबकारी अहवालांत झाडांची संख्या आहे, परवाने आहेत, वसुली आहे. वाट बघणाऱ्या बायका नाहीत. म्हणून ‘पूर्वी सारे छान होते’ असे लिहिण्याचा मोह मी टाळतो. आजोबांच्या मांडवाने गाव जोडलेला होता हे खरे, आणि त्याची किंमत घरात चुकती होत होती हेही खरे.

पुढे १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्याने ती साऱ्या इलाख्यात पसरली. बैठका संपल्या नाहीत, घरात शिरल्या. मुंबईत ‘आंटी’च्या खोल्यांतून चोरून दारू मिळू लागली. ज्या व्यवहारात बाईला जागा नव्हती, तो चालवणारी आता बाईच झाली, हा विरोधाभास अभ्यासकांनी फारसा हाताळलेला नाही. माडाच्या वाड्या दरम्यान इमारतींखाली गेल्या. ताडदेव, ताडवाडी, माझगावची भंडारवाडा टेकडी अशी नावे तेवढी राहिली.

२००९ साली पुण्यात देशातल्या सुरुवातीच्या सूक्ष्म बिअरनिर्मितीगृहांपैकी एक सुरू झाले. आता मुंबईच्या गिरणगावातही तशी ठिकाणे आहेत. भाचा मला एकदा घेऊन गेला. काचेआड तांब्याच्या रंगाची पिंपे, बाहेर लांब बाके. इथली बिअर बाटलीत भरून लांब पाठवत नाहीत, ताजी असतानाच इथे बसून प्यायची, असे त्याने कौतुकाने सांगितले. मला हसू आले. शेजारच्या बाकावर मुली मोकळेपणाने गप्पा मारत होत्या. आजीने ते पाहायला हवे होते. मग मी दरपत्रक पाहिले. गिरणीत राबलेल्या माणसाचा मुलगा इथे बसू शकेल का, हे मनात आले. भातकापणीवर हिशेब लिहून ठेवणारे इथे कुणी नव्हते.

निघताना भाच्याने विचारले, “मामा, आजोबा नेमकं काय करायचे?” आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्यांनी पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. मी त्याला ताड कसा छेदतात ते सांगितले.