यात ब्रेक कुठे आहेत?

भाच्याने सेकंडहँड गाडी घेतली. बेस मॉडेल. चारच महिने झालेत, पण परवा घरी आला तो लॅपटॉप उघडूनच बसला. इंजिनाची ताकद कशी वाढवायची, टर्बो कुठला, एक्झॉस्ट कुठला, खर्च किती... सगळी यादी तयार! मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात ब्रेक कुठे आहेत?"

"मामा, ब्रेक आहेत की गाडीला!"

आता यावर काय बोलणार? त्याचा देव म्हणजे कॅरोल शेल्बी. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' आला तेव्हा, २०१९ मध्ये, आम्ही दोघांनी बरोबरच पाहिला होता. म्हणून म्हटलं, बस, तुझ्याच देवाची गोष्ट सांगतो. सिनेमा सुरू होतो त्याच्या आसपासची.

शेल्बी टेक्सासचा, जन्म १९२३ चा. लहानपणापासून हृदयाचं दुखणं. मोठेपणी कोंबड्या पाळायचा धंदा केला. पहिल्या खेपेला पैसे मिळाले, दुसऱ्या खेपेच्या कोंबड्या रोगाने गेल्या आणि धंदा बसला. मग शर्यतीत उतरला. १९५९ मध्ये रॉय साल्व्हादोरीच्या जोडीने ॲस्टन मार्टिन चालवून त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पण हृदय साथ देईना. १९६० मध्ये जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी धरून त्याने शर्यती केल्या आणि वर्षअखेर हेल्मेट खाली ठेवलं. वय ३७.

इकडे इंग्लंडात, लंडनजवळ टेम्स डिटनला एसी नावाची छोटीशी मोटार कंपनी होती. १९५३ मध्ये तिने 'एस' ही दोन जणांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. नळ्यांची हलकी चासी, ॲल्युमिनियमचं अंग, दिसायला देखणी. इंजिन मात्र कंपनीचं स्वतःचं आणि त्याचा मूळ आराखडा १९१९ चा! म्हणून १९५६ पासून तिला ब्रिस्टॉल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन मिळू लागलं. तेही युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यूच्या घराण्यातलं, पण चांगलं. १९६१ मध्ये ब्रिस्टॉलने ते बंद करायचं ठरवलं आणि एसीकडे उरली एक सुंदर गाडी, जिला काळीजच नाही.

शेल्बीला हे कळलं. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याने एसीला पत्र लिहिलं: तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवू या का? फोर्डने तेव्हा नुकतंच एक आटोपशीर, वजनाला हलकं व्ही-८ काढलं होतं आणि शेवरलेच्या कॉर्व्हेटला उत्तर म्हणून फोर्डला काहीतरी हवंच होतं. फेब्रुवारी १९६२ मध्ये बिनइंजिनाची गाडी विमानाने लॉस एंजेलिसला उतरली. एका ओळखीच्या गॅरेजात तिच्यात ४.२ लिटरचं इंजिन बसवलं, तेही काही तासांत. नाव ठेवलं कोब्रा. मासिकवाल्यांना चालवायला देताना म्हणे दर वेळी वेगळा रंग द्यायचे, म्हणजे गाड्या पुष्कळ आहेत असं वाटावं. होती एकच!

गोष्ट सहसा इथे संपते. पोस्टरवर मावते तेवढी.

मला गंमत वाटते ती पुढची. ब्रिस्टॉलच्या इंजिनाची ताकद साधारण १२५ अश्वशक्ती, नव्याची २६०. दुप्पट ताकद आल्यावर बाकीची गाडी गप्प कशी बसेल? मागच्या चाकांना ती पोचवणारा डिफरन्शियल जास्त दणकट घ्यावा लागला. ब्रेक चारही चाकांना डिस्कचे केले. थोड्याच दिवसांत स्टिअरिंगची यंत्रणाही बदलली. तरी ऑक्टोबर १९६२ मध्ये रिव्हरसाइडच्या पहिल्याच शर्यतीत काय झालं? बिली क्राउज नव्या कॉर्व्हेटना मागे टाकून पुढे निघाला होता आणि मागच्या चाकाचा स्टब ॲक्सल तुटला. इंजिन ठणठणीत, गाडी रस्त्याकडेला.

१९६४ मध्ये सात लिटरचं राक्षसी इंजिन त्याच जुन्या चासीत घालून केन माइल्सने ती गाडी सेब्रिंगला नेली. सरावात ती झाडावर आदळली, शर्यतीत इंजिन गेलं. मग मात्र शहाणपण आलं. १९६५ च्या सात लिटरवाल्या कोब्रासाठी चासीच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या चार इंची झाल्या आणि पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या. म्हणजे इंजिनासाठी गाडी नव्याने बांधली. आणि त्याच वर्षी फेरारीला मागे टाकून जीटी गाड्यांचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते कुणी? ४.७ लिटरच्या छोट्या इंजिनवाल्या कोब्रांनी! मोठ्या कोब्राच्या नियमाप्रमाणे लागणाऱ्या १०० गाड्या वेळेत तयारच झाल्या नव्हत्या. लहान गाडीला पीट ब्रॉकने वारा कापणारं बंद अंग दिलं होतं. वेग नुसत्या ताकदीतून येत नाही, तो असा.

आणि ब्रेक? साधा हिशेब आहे. वेग दीडपट केला की थांबताना जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि तिची सगळी उष्णता ब्रेकच्या अंगावर येते. १९६६ मध्ये ल मान्सला फोर्डच्या सात लिटरच्या गाड्यांचे ब्रेक लालबुंद व्हायचे. ते २४ तास टिकणार नाहीत हे उघड होतं. म्हणून शेल्बीच्या फिल रेमिंग्टनने पिटमध्ये डिस्कसकट झटपट बदलता येतील अशी व्यवस्थाच केली. शर्यत जिंकली त्यात तिचाही वाटा आहे.

भाचा ऐकत होता. मग मी त्याला गुडघ्यावरचा व्रण दाखवला. इतकी वर्षं त्याला वाटायचं क्रिकेटचा.

आमच्या काकांकडे जुनी पेट्रोल जीप होती. त्यांनी तिच्यात टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गाडी मस्त ओढायला लागली, म्हणून पाचाऐवजी दहा माणसं बसायला लागली. ब्रेक तेच जुने, ड्रमचे. ड्रम तापला की फुगतो, ब्रेकच्या नालांपासून दूर जातो आणि पाय नुसता खाली जातो. वरंधा घाट उतरताना तेच झालं. काकांनी कसाबसा पहिला गिअर टाकला आणि जीप डोंगराच्या बाजूला घासत नेली. दुसऱ्या बाजूला दरी होती. काकूंचा हात मोडला, माझा गुडघा फुटला. काका त्यानंतर बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. इंजिन बसवल्यावर पेढे वाटले होते त्यांनी. ब्रेकबद्दल आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं, हे मात्र खरं.

असो. शेल्बीचं शेवटचं सांगायचं राहिलं. १९९० मध्ये त्याच्यावर हृदयारोपण झालं. दुसऱ्याच्या गाडीत नवं काळीज बसवणाऱ्या माणसाला स्वतःलाही ते मिळालं. सहा वर्षांनी मूत्रपिंडही बदलावं लागलं, ते मुलाने दिलं. गेला तो २०१२ मध्ये, ८९ व्या वर्षी.

भाच्याने लॅपटॉप मिटला. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "मामा, चारही चाकांना डिस्क करायचे तर बजेटच संपतं. मग टर्बोला काय उरणार?"

म्हटलं, "तेच तर सांगतोय."

पटलंय की नाही, माहीत नाही. रविवारी परत येणार आहे. यादी घेऊन.