थांबण्यापुरती जमीन

कल्याणहून मलंगगडाकडे निघाले की वाटेत नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि विमानांसाठी धावपट्टी बांधली. वर्गात ही हकीकत सांगितली की एखादा मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, विमानाला उतरायला एवढी जमीन कशाला लागते?" प्रश्न पोरवयाचा खरा, पण त्याच्या उत्तरात अनेकांचे प्राण गुंतले आहेत.

हा प्रश्न मुंबईला आरंभापासूनच पडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या इवल्याशा पसमॉथ विमानातून जुहूला उतरले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळा आला की तिथे पाणी साचे, आणि टाटांच्या कंपनीला आपले बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. विमान तेच, वैमानिक तेच. भूमी तेवढी बदललेली!

श्रावणात शेवाळलेल्या अंगणात ज्याचा पाय घसरला आहे, त्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. पट्टीवर पाणी साचले आणि वेग मोठा असला, की चाकाखालचे पाणी बाजूला सरायला अवसर मिळत नाही. चाक पाण्याच्या थरावर तरंगते आणि ब्रेक निरुपयोगी ठरतो. त्यातून वेगाचा हिशेब मोठा कठोर. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते. वेग दहावा हिस्सा वाढला तरी अंतर सुमारे पाचवा हिस्सा वाढते. पाठीमागून वारा असला तर जमिनीवरचा वेग आणखी वाढतो.

म्हणून प्रवासी जेट विमानांसाठी पदरी शिल्लक ठेवण्याचा नियम झाला. कोरड्या पट्टीवर चाचणीत एखादे विमान १,२०० मीटरांत थांबले, तर निघण्यापूर्वीच्या हिशेबात त्याच्यासाठी २,००० मीटर पट्टी धरायची. पट्टी ओली असण्याचा संभव असेल तर २,३०० मीटर. संसारी माणूस महिनाअखेरीसाठी चार पैसे बाजूला ठेवतो, तशीच ही तरतूद.

ही शिल्लक कशी संपते, ते ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला दिसले. दुबईहून आलेले विमान पावसात, पाठीवर वारा घेऊन, डोंगरमाथ्यावरच्या पट्टीवर उतरले. पट्टी ८,८५८ फुटांची. चाके टेकली ती जवळजवळ निम्मी पट्टी मागे पडल्यावर. विमान पुढच्या दरीत कोसळले. २१ जीव गेले. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते. हवाई दलात नाव कमावलेले, नागपूरच्या घरातले वैमानिक. उतरणे सोडून पुन्हा वर जायला हवे होते, असे चौकशी अहवालाने म्हटले. अहवाल शांतपणे बसून लिहिता येतो. वैमानिकाला निर्णयासाठी काही क्षणच मिळतात. त्याआधीच्या वर्षी, १ जुलै २०१९ च्या रात्री, मुंबईतही जयपूरहून आलेले विमान मुसळधार पावसात पट्टीपलीकडे गेले होते. सुदैवाने सारे प्रवासी वाचले.

त्या काही क्षणांत वैमानिकाला नेमकी माहिती मिळावी, म्हणून ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एक नवी रीत लागू झाली. धावपट्टीचे तीन भाग पाडून प्रत्येकाला गुण द्यायचे. कोरडीला ६, नुसत्या ओलीला ५. आणि ३ मिलिमीटरहून अधिक पाणी साचले की एकदम २! आम्हा मास्तरांची गुणपत्रिका अखेर धावपट्टीलाही मिळाली. फरक इतकाच, की इथे नापास कोण होईल ते गुण वाचणाऱ्यावर अवलंबून.

नेवाळीला आता विमाने उतरत नाहीत. आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये तिथले शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा आंदोलनाला हिंसक वळण लागले. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देताना मी ही गोष्टही सांगतो. विमानाला थांबायला लागणारा मीटर न् मीटर कुणाच्या तरी शेतातून आलेला असतो. तो मोजून, जपून वापरणे हे जमीन देणाऱ्याचेही ऋण आहे, आणि दिवाळीला घरी येणाऱ्या पाहुण्याचेही.