चिखला

चिखला : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणीचे गाव. ते तुमसरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या टेकड्या-जंगलाच्या पट्ट्यात वसले आहे. सीतासावंगी, गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग ही शेजारची गावे. महाराष्ट्रात या नावाची आणखी गावे आहेत, पण तुमसरकडच्या माणसाला चिखला म्हटले की आधी खदान आठवते. खाण हा शब्द पुस्तकातला, बोलण्यात सगळीकडे खदानच.

नाव चिखलाचे असले तरी गावाची खरी ओळख दगडाची आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून सुमारे २०० किमी लांबीचा एक कमानदार मँगनीज पट्टा जातो. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी आणि भरवेली या खाणी या पट्ट्यावरच आहेत. इथले खडक सौसर गटात मोडतात. समुद्रतळाशी साचलेला मँगनीजयुक्त गाळ कोट्यवधी वर्षांच्या दाबाने आणि उष्णतेने रूपांतरित होऊन हे खडक तयार झाले. भूवैज्ञानिकांनी या गटाच्या तळाकडच्या एका शैलसमूहाला चिखल्याच्या शेजारच्या सीतासावंगीचे नाव दिले आहे. नकाशावर भिंगाखाली शोधावे लागणारे हे खेडे भूविज्ञानाच्या ग्रंथांत मात्र हमखास सापडते.

या पट्ट्याचा पहिला मोठा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मोर यांनी केला. त्यांचा भारतातील मँगनीजवरचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंडाइट हे नाव दिले. ते या मुलखातल्या गोंडांवरून घेतलेले आहे आणि आज जगभर वापरले जाते. पुढे तिरोडीवरूनही एका खनिजाला तिरोडाइट म्हटले गेले. फर्मोर यांचे पुत्र पॅट्रिक ली फर्मोर इंग्रजीतले नामवंत प्रवासवर्णनकार झाले. वडिलांनी ज्या मुलखातला दगडन्‌दगड नोंदवला, तिकडे प्रवासवर्णनकार सहसा फिरकलेले नाहीत, ही गंमतच म्हणायची.

मध्य प्रांतात मँगनीजचे उत्खनन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटचे रूपांतर पुढे ब्रिटिश मालकीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत झाले. १९६२ मध्ये तिच्या खाणी मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडकडे आल्या आणि १९७७ मध्ये ही कंपनी पूर्णपणे सरकारी झाली. आज ती मॉइल या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. चिखल्याची खाण मुख्यतः भूमिगत आहे, तर जवळचीच डोंगरी बुजुर्ग उघडी. डोंगरीच्या डायऑक्साइड खनिजाचा उपयोग कोरड्या बॅटऱ्यांत होतो. इतर बहुतेक खनिज पोलाद कारखान्यांकडे जाते.

भूमिगत खाणीत खनिज काढून झाले की खाली पोकळी उरते. ती भरायला पाण्याबरोबर वाळू आत सोडतात. पाणी निथळून जाते, वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर उभे राहून कामगार वरचा थर कापतात. चिखल्याच्या जंगलातून चालणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. दिसतात ते दगडमातीचे ढीग, काळपट धुळीने माखलेली रस्त्याकाठची पाने, आणि पाळी सुटल्यावर सायकली-मोटारसायकलींची रांग. खाण हे चालते कामाचे ठिकाण आहे, पर्यटनस्थळ नव्हे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

मग पाहायचे काय? गावाभोवतीचे जंगल. ते कोरड्या पानगळीचे आहे. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, चारोळी, मोह आणि पळस ही इथली झाडे. फेब्रुवारी-मार्चात पळस पेटतो. पाठोपाठ मोह गळू लागला की उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली हजर होतात. फुले नीट वेचता यावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि तिथूनच कित्येक वणवे लागतात. अस्वलालाही मोह तेवढाच प्रिय. त्यामुळे पहाटे झाडाखाली कोण आधी पोहोचले, हा प्रश्न इथे गमतीचा राहत नाही. मे महिन्यात तेंदूपानांची तोड असते. तेव्हा पुड्यांची मोजणी करणाऱ्या फडांवर गावेच्या गावे गोळा होतात.

पेंच आणि नवेगाव-नागझिरा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा संचारमार्ग तुमसर तालुक्याच्या जंगलातून जातो. म्हणजे वाघ इथे मुक्कामाला असो वा नसो, वाट मात्र त्याची आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला आणि भंडाऱ्याजवळचे कोका अभयारण्य त्याच वर्षी झाले. नागझिरा मराठी वाचकांना व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे ठाऊक असतो. तुमसरच्या जंगलाला असा लेखक अजून भेटलेला नाही.

तालुक्यातली इतर प्रेक्षणीय स्थळे चिखल्याभोवती विखुरलेली आहेत. अंबागड हा गिरिदुर्ग त्यांत सर्वांत पाहण्याजोगा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजवटीत राजाखान पठाणाने तो सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. इथल्या विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांचा जीव घेत, असे सांगितले जाते. पायथ्याहून चढण फार नाही, पण वाट झाडीतून जाते, आणि माथ्यावरून दिसणारी डोंगररांग हेच चढण्याचे खरे कारण. गायमुख हे महादेवाचे ठिकाण. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. चांदपूरला जलाशय आणि हनुमान मंदिर आहे. पलीकडे बावनथडी नदीवर सीतेकसा येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे सामाईक धरण आहे, त्याला राजीव सागर म्हणतात.

बावनथडी आज राज्यांची सीमा सांभाळते, पण हा मान तिला १९५६ मध्ये मिळाला. त्याआधी दोन्ही काठ एकाच राज्यात होते. बालाघाट जिल्ह्याचा काही भाग तर १८६७ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणून सीमेच्या अल्याड-पल्याड सोयरिकी, बाजार आणि बोली एकच. झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

जंगलाच्या कडेने धानाच्या बांध्या आहेत. पाऊस लागला की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतात, मग रोवणी. पाणी कमी पडले तर बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणवतो, आणि या बोड्या म्हणजे त्या तलावांची धाकटी भावंडे. खाणीतली पाळी संपवून घरच्या बांधीत उतरणारा माणूस इथे नवा नाही.

चिखल्याला जाण्यासाठी मुंबई-हावडा मार्गावरच्या देव्हाडी येथील तुमसर रोड स्थानकावर उतरावे. तिथून तिरोडीकडे फुटणारा रेल्वेफाटा गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्गवरून जातो. खनिजाच्या वाहतुकीसाठी पडलेला हा फाटा. प्रवाशांना त्याचा लाभ नंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरायला बरा काळ. मार्चनंतर ऊन चढते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. राहण्या-जेवण्याची सोय तुमसर किंवा भंडाऱ्याला पाहावी. जंगलात शिरायचे तर वनविभागाला आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारूनच, आणि मोहाच्या दिवसांत उजाडण्याआधी तर नाहीच.