तुझं नाव कोणी ठेवलं?

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "काय गं, शाळेत तिला रोज प्रार्थना म्हणायला लावतात म्हणे?"

म्हटलं, हो. चर्चची प्राथमिक शाळा आहे, घरापासून चालत सात मिनिटांवर, म्हणून तिथे घातलं. इथे इंग्लंडात पालकांनी कळवलं तर मुलाला प्रार्थनेतून वगळतात. आई म्हणाली, "मग कळव की!" मी नुसतं हूं केलं. पण हा नियम आला कुठून ते बघायला बसले, आणि दोन आठवडे जुन्या शाळांच्या नोंदींतच हरवले. नवऱ्याच्या मते स्वयंपाक टाळायची ही नवी युक्ती आहे :)

१८६२ च्या सरकारी नियमावलीनंतर अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शाळेत मुख्य शिक्षकाला एक लॉगबुक लिहावं लागायचं. आज कोण आलं, कोण नाही, काय शिकवलं. सर्वसाधारण विचार किंवा मतं त्यात लिहायची नाहीत, असा स्पष्ट नियम होता. (आपल्या ब्लॉगमधला 'लॉग' तोच, पण आपण बरोबर उलटं करतो!) तरीही त्या रुक्ष नोंदींतून १८७० च्या आसपासच्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या शाळेचा आठवडा बऱ्यापैकी दिसतो.

सोमवार पैशांचा. पोरं मुठीत आठवड्याची फी घेऊन यायची, एक-दोन पेनी, कुठे जास्त. शेतमजुराच्या घरात चार मुलं असली की हा खर्च जाणवायचा. फी नाही म्हणून मूल घरी, बूट नाहीत म्हणून घरी, सुगी आहे म्हणून शेतावर. बहुतेक शाळांतली फी गेली ती १८९१ च्या कायद्याने.

रोज सकाळी प्रार्थना, मग बायबल. आठवड्यातून कधीतरी पाद्री स्वतः यायचे आणि प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायचे. आपल्यापेक्षा वरच्यांशी नम्रतेने वागेन, हेही त्या उत्तरांत होतं. जमीनदारही अनेकदा शाळेच्या चालकांत असायचा, त्यामुळे ते उत्तर त्यालाही सोयीचं.

पण मी थबकले ते पहिल्या दोन प्रश्नांपाशी. तुझं नाव काय? ते कोणी ठेवलं? दुसऱ्याचं ठरलेलं उत्तर असं, की बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या धर्ममातापित्यांनी. आता गावात बॅप्टिस्ट पंथाचीही घरं असायची. त्यांच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, तो मोठेपणी, स्वतः समजून घ्यायचा. म्हणजे त्या घरच्या मुलाला धर्ममातापिता नाहीतच. आणि गावात दुसरी शाळाही नाही. मग त्याने काय करायचं? रोज वर्गात उभं राहून, देवाच्या नावाने चाललेल्या तासाला, खोटं बोलायचं.

ही तक्रार खरी होती आणि वर्षानुवर्षं चालली. १८७० च्या शिक्षण कायद्यात तिच्यावर उपाय निघाला. धर्मशिक्षण शाळेच्या सत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटीच द्यायचं, म्हणजे ज्यांना नको त्यांना उशिरा येता येईल किंवा लवकर जाता येईल. ते वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावायचं. कागदावर चोख काम! पण पाद्री रोज समोर, घर जमीनदाराचं, आणि बाप त्याच्याच शेतावर मजूर. अर्ज करायला निघालेल्या माणसाचे पाय दारातच अडखळत असणार. हा हक्क फार थोड्यांनी वापरला.

मंगळवार ते गुरुवार वाचन, लेखन, गणित आणि पुन्हा तेच. दुपारी मुलींना शिवण, ती सक्तीची. कारण पैसा. १८६२ च्या नियमांप्रमाणे निरीक्षकाच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक मुलामागे, प्रत्येक विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स शाळेला मिळायचे. मूल नापास झालं की तेवढे कापले. त्यामुळे धडे इतके घोकून घेत, की पुस्तक उलटं धरलं तरी मुलं घडाघडा 'वाचायची', अशा कथा आहेत. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड १८५१ पासून ३५ वर्षं शाळांचे निरीक्षक होते. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होतं, असं ते सरकारी अहवालांतच लिहीत राहिले. पद्धत बंद झाली १८९० च्या दशकात. माझं मत विचाराल तर, शाळा चर्चची असली तरी आठवड्यावर राज्य त्या शिलिंगांचं होतं.

एक गंमत राहिलीच. अगदी लहानांना वाळूच्या तबकात बोटाने अक्षरं गिरवायला लावत. ही आपलीच धूळपाटी! मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री. १७८९ नंतर त्यांनी तिथल्या एका देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिलं आणि आपल्या शाळेत ते सुरू केलं. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायची पद्धतही त्यांनी तिथेच बसवली. १७९७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, आणि १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने इंग्लंडभर चर्चच्या शाळा काढल्या त्या याच पद्धतीवर. आमचे पणजोबा पंतोजींकडे धुळाक्षरं गिरवूनच शिकले, असं आजोबा सांगायचे. पणजोबांना हे कळतं तर मिशीत हसले असते.

असो. काल रात्री लेकीला झोपवताना सहज विचारलं, "तुझं नाव कोणी ठेवलं गं?"

"आत्याने," ती म्हणाली. "बारशाला. तूच सांगितलंस ना!"

"आणि शाळेत कोणी विचारलं तर?"

"आत्यानेच." मग जरा विचार करून, "पण आत्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?"

ऑंटी म्हटलं तर ती कोणीही झाली. आज रविवार, आईचा फोन येईल. वगळण्याचा फॉर्म फ्रिजवर लावलाय, कोराच आहे अजून.