१० फेब्रुवारी : रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली आजच्या दिवशी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोकणातल्या करजगावात चित्पावन घरात जन्मलेल्या टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल दिले होते. ते वाचता वाचता माणूस पालटला. किंमत जबर होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे परतल्या आणि स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ही परवड त्यांच्याच 'स्मृतिचित्रे'त वाचावी, इतकी निर्मळ मराठी क्वचित सापडते.

त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीते इंग्रजीवरून केलेली, विलायती चालीची असत. टिळकांनी ख्रिस्ताला थेट अभंगात आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. मिशनऱ्यांच्या प्रचारापेक्षा या एका माणसाच्या रचनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अधिक आपलेपण दिले, असे आम्हांला वाटते. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदे पानोपानी भेटतात, आजही रविवारी गायली जातात.

९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.