पास्टन घराण्याचे दप्तर : विक्री, विखुरण आणि इतिहासलेखन

ऑक्टोबर १४६६ मध्ये इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातील मार्गारेट पास्टन या विधवेने आपल्या थोरल्या मुलास लिहविलेल्या पत्रात घरच्या दप्तराविषयी एक ताकीद आढळते. कागदपत्रे नीट जपावीत, ती वैऱ्यांच्या हाती पडू देऊ नयेत, वडिलांनी आपल्या संकटकाळात सर्व जंगम मालमत्तेपेक्षा कागदांनाच अधिक मोल दिले होते आणि ती एकदा गेली तर तशी पुन्हा कोठूनही मिळावयाची नाहीत, असा त्या ताकिदीचा आशय आहे. या सावधगिरीस कारण होते. तिचा पती जॉन पास्टन त्याच वर्षीच्या मे महिन्यात मरण पावला होता. पास्टन मंडळी मूळची बांधील कुळांपैकी असून त्यांस जमीनदारीचा अधिकारच नाही, असा प्रवाद त्यांच्या शत्रूंनी उठविला होता. चौथ्या एडवर्ड राजाने १४६६ मध्येच या घराण्याचे कुलीनत्व मान्य केले, ते पास्टनांनी पुढे केलेली जुनी कागदपत्रे पाहूनच. अशा कुटुंबास दप्तर म्हणजे केवळ स्मरणिका नव्हती. ते त्याच्या जमिनीइतकेच प्रत्यक्ष असे धन होते.

या दप्तरातून वाचलेली पत्रे आज ‘पास्टन पत्रे’ या नावाने ओळखली जातात, आणि पंधराव्या शतकातील इंग्रजी समाजाचा कोणताही इतिहास त्यांवाचून लिहिला जात नाही. तथापि ही पत्रे अभ्यासकांच्या हाती आली, ती ज्या घरात निर्माण झाली त्या घरातून सरळ आलेली नाहीत. ती विकली गेली, वाटली गेली, लिलावांत मांडली गेली, हरवली आणि पुन्हा सापडली. या प्रवासात काय टिकावे आणि काय नष्ट व्हावे हे बव्हंशी घेणाऱ्याच्या आवडीने ठरले. त्या आवडीची छाया या पत्रांवर आधारलेल्या इतिहासावरही पडली आहे.

पास्टन घराणे सतराव्या शतकात अर्ल ऑफ यार्मथ या पदापर्यंत चढले आणि दुसऱ्या अर्लच्या कारकीर्दीत कर्जात बुडाले. १७३२ मध्ये हा दुसरा अर्ल वारसावाचून मरण पावला व पदवी लोप पावली. त्यापूर्वीच दप्तराचा काही भाग पीटर ल नीव्ह या संग्राहकाकडे गेला होता. ऑक्सनेड येथील वाड्यात उरलेल्या कागदांची व्यवस्था लावण्याचे काम फ्रान्सिस ब्लोमफील्ड या पाद्र्याकडे आले. नॉर्फोकच्या बृहद् इतिहासाचा हा लेखक १७३५ च्या मे महिन्यात वाड्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसला, आणि तेथे काय पाहिले याचा वृत्तान्त त्याने पत्राने कळविला. तेथे पेट्याच पेट्या होत्या. पावसापाण्याने पुष्कळ कागद कुजून गेले होते. इतिहासास उपयुक्त अशी असंख्य पत्रे सुट्या कागदांत मिसळलेली होती. ती निवडून त्याने कोपऱ्यात एक ढीग रचला. तो कित्येक पोती भरेल एवढा होता. पुढे त्याने विचारणा केली आहे की, हे कागद वेगळे करून राखावे की जाळून टाकावे? जाळणे खेदाचे होईल, असे तो स्वतःच म्हणतो. मात्र केवळ घरगुती व्यवहारांशी संबंध असलेले जे पुष्कळ कागद आहेत, त्यांच्याबाबत ही हळहळ लागू नाही, असा अपवादही तो जोडतो.

हा अपवाद लक्षात घेण्याजोगा आहे. ब्लोमफील्ड हा काही अडाणी मनुष्य नव्हता. आपल्या काळातील उत्तम स्थानिक इतिहासकारांत त्याची गणना होते. परंतु त्याच्या दृष्टीने इतिहास म्हणजे राजे, सरदार, वंशावळ्या आणि चर्चमधील समाधिलेख. कोणत्या कुळाने किती धान्य दिले, मेंढ्यांची लोकर कोणास विकली, कारभाऱ्याने वर्षाखेर कोणती बाकी दाखविली, हे ‘केवळ घरगुती’ ठरले. आजचा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक त्या ढिगातील नेमके हेच कागद प्रथम मागेल.

ल नीव्ह १७२९ मध्ये वारला. आपले नॉर्फोकविषयक हस्तलिखित धन नॉरिच शहरातील एखाद्या सार्वजनिक जागी लोकांच्या उपयोगासाठी ठेवावे, अशी त्याची मृत्युपत्रातील इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक टॉमस मार्टिन याने ल नीव्हच्या विधवेशी विवाह केला आणि सारा संग्रह सफोकमधील पॅलग्रेव्ह येथील त्याच्या घरी गेला. मार्टिन विद्वान होता, परंतु पैशाच्या बाबतीत ढिला. हयातीतच त्याने काही ग्रंथ व हस्तलिखिते विकली. १७७१ मध्ये तो वारल्यावर डिस गावचा औषधविक्रेता जॉन वर्थ याने उरलेला संग्रह घेतला, तो पुढे विकून नफा मिळविण्याच्या हेतूने. छापील ग्रंथ नॉरिचच्या पुस्तकविक्रेत्यांकडे गेले. चित्रे व किरकोळ दुर्मिळ वस्तू डिस येथेच लिलावात निघाल्या. हस्तलिखितांचा एक भाग एप्रिल १७७३ मध्ये लंडनला सॅम्युअल बेकर यांच्या लिलावात विकला गेला. मे १७७४ मध्ये दुसरी विक्री झाली. तीत हस्तलिखिते, खरेदीखते, दानपत्रे, वंशावळ्या, रेखाचित्रे आणि नाणी ही सर्व एकाच रांगेत मांडली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्थ अकस्मात मरण पावला, आणि पास्टन पत्रे ईस्ट डीरहॅमच्या जॉन फेन यांच्या हाती आली.

खरेदीखत आणि नाणे एकाच यादीत येणे हे लिलावाच्या तर्काशी सुसंगतच म्हटले पाहिजे. नाणे सुटे असले तरी नाणेच राहते. खरेदीखताचे तसे नाही. एखाद्या शेताच्या शंभर वर्षांच्या खतांचा रुमाल एकत्र असेल तर त्यांतून त्या शेताचे हस्तांतर, कुळे, वाद आणि वारसाहक्क यांची साखळी उलगडते. तोच रुमाल सोडून एकेक खत सुंदर मोहरेसाठी निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकले, तर प्रत्येक खत सुरक्षित राहूनही साखळी नष्ट होते. दप्तरशास्त्राचे सारे अभ्यासक दस्तऐवजाच्या मूळ स्थानावर एवढा भर देतात, तो याच कारणास्तव.

फेन यांनी १७८७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले व १७८९ मध्ये आणखी दोन. मूळ लेखन आणि त्याचे अर्वाचीन रूप समोरासमोर छापण्याची त्यांची पद्धत त्या काळाच्या मानाने विलक्षण प्रामाणिक होती. पहिल्या दोन खंडांच्या मूळप्रती त्यांनी २३ मे १७८७ रोजी तिसऱ्या जॉर्ज राजास अर्पण केल्या आणि त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. त्यानंतर त्या मूळप्रती दिसेनाशा झाल्या. पुढील खंडांच्या मूळप्रतींचीही तीच गत झाली. फेन १७९४ मध्ये वारले. त्यांनी तयार ठेवलेला पाचवा खंड त्यांच्या पत्नीचे पुतणे, केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजचे प्रमुख विल्यम फ्रेर, यांनी १८२३ मध्ये प्रकाशित केला. मूळप्रतींचा पत्ता नसल्यामुळे १८६५ मध्ये हर्मन मेरिव्हेल यांनी ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात या पत्रांच्या अस्सलपणाविषयीच शंका उपस्थित केली. जेम्स गार्डनर यांनी त्याच नियतकालिकातून अंतर्गत पुराव्यांच्या आधारे तिचे खंडन केले. सुदैवाने वर्षभरातच विल्यम यांचे पुत्र फिलिप फ्रेर यांस केंब्रिजशरमधील डंगेट येथील आपल्या घरी पाचव्या खंडाच्या मूळप्रती सापडल्या, आणि १८६६ मध्ये त्या ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाल्या. तिसऱ्या-चौथ्या खंडांच्या मूळप्रती १८७५ मध्ये नॉर्फोकच्या रॉयडन हॉलमध्ये मिळाल्या. त्यांसोबत ९५ अप्रकाशित पत्रे निघाली. गार्डनर यांच्या आवृत्तीचा अखेरचा खंड त्याच वर्षी नुकताच बाहेर पडला होता! राजास दिलेल्या प्रती १८८९ मध्ये सफोकमधील ऑरवेल पार्क येथे आढळल्या. रॉयडनचा संग्रह म्युझियमने १८९६ मध्ये आणि ऑरवेलचा १९३३ मध्ये मिळविला. एका घरातील दप्तर एका छताखाली यावयास अशी सुमारे दोन शतके लागली, आणि तेही अपुरे.

रॉयडनचे हे फ्रेर घराणे महाराष्ट्रास अपरिचित नाही. फेन यांची पत्नी एलेनॉर ही रॉयडनच्या जॉन फ्रेर यांची बहीण. या जॉन यांचे नातू सर बार्टल फ्रेर १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. म्हणजे इंग्लंडमध्ये पास्टन पत्रांच्या अस्सलपणाचा वाद चालू होता, तेव्हा ती पत्रे ज्या कुळाच्या घरांत अज्ञात पडून होती, त्याच कुळातील एक पुरुष मुंबईचा कारभार पाहात होता. त्यांची कन्या मेरी हिने दख्खनच्या लोककथांचा संग्रह १८६८ मध्ये प्रसिद्ध केला, हेही येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

भाषेच्या अभ्यासकास या विखुरण्याची झळ विशेष लागते. मार्गारेटच्या नावावर शंभरावर पत्रे आहेत. पण त्यांतील एकही तिच्या हातचे असल्याचे सिद्ध होत नाही. ती सांगे आणि लेखनिक लिहीत. लेखनिकही एक नव्हे. कधी मुलगा, कधी घरचा धर्मोपदेशक जेम्स ग्लॉइस, कधी कारभारी रिचर्ड कॉल. याच कॉलने पुढे १४६९ मध्ये तिच्या मुलीशी गुप्त विवाह केल्याचे उघड होऊन घरात मोठाच क्षोभ झाला. ‘शॅल’ या साध्या क्रियापदाचा आरंभ काही पत्रांत ‘एक्स’ या अक्षराने होतो. ती नॉर्फोककडील लेखनरूढी होय. इतर पत्रांत तो नाही. हा भेद मार्गारेटच्या बोलीतील मानावा की लिहिणाऱ्याच्या सवयीतील? नॉर्मन डेव्हिस यांनी १९४९ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि हस्ताक्षरांची ओळख पटविल्यावाचून भाषाविषयक कोणतेही विधान करता येणार नाही, हे दाखवून दिले. ओळख पटविण्यास तुलना लागते. कारभाऱ्याचे हस्ताक्षर ओळखावयाचे तर त्याचे हिशेब, याद्या, पावत्या हाताशी असाव्या लागतात. ‘केवळ घरगुती’ म्हणून ज्यांच्यासाठी ब्लोमफील्डला हळहळ वाटली नाही, ते हेच कागद. १९७१ व १९७६ मध्ये निघालेले डेव्हिस यांचे दोन भाग आणि २००५ मध्ये बीडल व रिचमंड यांनी पूर्ण केलेला तिसरा भाग यांत सुमारे हजार लेख एकत्र आले. तरीही कित्येक हातांस नाव देता आलेले नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच परगण्यात आणि त्याच प्रकरणात उपलब्ध आहे. पास्टनांच्या वैभवाचे आणि संकटांचेही मूळ सर जॉन फास्टॉल्फ यांची मालमत्ता हे होय. हे वृद्ध सेनानी १४५९ मध्ये वारले आणि केस्टर किल्ल्यासह त्यांच्या जमिनीवर जॉन पास्टनने हक्क सांगितला. १४६९ मध्ये नॉर्फोकच्या ड्यूकने केस्टरला वेढा घालून तो घेतला. १४७६ मध्ये ड्यूकच्या मृत्यूनंतर तो परत मिळाला. दरम्यान १४७० च्या तडजोडीने फास्टॉल्फ यांच्या जमिनीचा मोठा भाग बिशप वेनफ्लीट यांच्या द्वारे ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेला. जमिनीबरोबर तिची दप्तरेही गेली. कॉलेज ही अखंड संस्था; तिला कर्जापायी वाडा विकावा लागला नाही, तिचा वंशही खुंटला नाही. त्यामुळे फास्टॉल्फ यांचे हिशेब, याद्या आणि खते तेथे राहिली. के. बी. मॅक्फार्लेन यांनी १९५७ मध्ये त्यांच्या आधारे फास्टॉल्फ यांनी फ्रान्समधील युद्धात मिळविलेला पैसा कोठे व कसा गुंतविला याचा प्रसिद्ध निबंध लिहिला. पास्टनांविषयी इतक्या बारकाईने हे लिहिता येत नाही.

म्हणून वाचकाच्या मनात पास्टन घराण्याचे जे चित्र आहे, ते पत्रांचे चित्र आहे. १४४८ मध्ये ग्रेशॅमच्या घराच्या रक्षणासाठी मार्गारेट पतीकडे क्रॉसबो मागते आणि त्याच पत्रात बदाम व साखर आणावयास सांगते. १४७७ च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज आपल्या वाग्दत्त वरास ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून संबोधते. हे सारे खरे आणि हृद्यही आहे. परंतु भांडणे, लग्ने आणि लढाया यांनी भरलेले हे जग कोणत्या उत्पन्नावर उभे होते, हे सांगणारा जमाखर्च तुटक आहे. कॉलिन रिचमंड यांच्या तीन खंडांच्या इतिहासातही (१९९०–२०००) ही उणीव जाणवते, आणि तो दोष लेखकाचा नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाने निराळे रूप घेतले. १ जानेवारी १९२६ पासून कॉपीहोल्ड ही जुनी धारणापद्धती रद्द झाली, आणि मालकी सिद्ध करण्यास तीस वर्षांची खते पुरेशी ठरू लागली. वकिलांच्या कचेऱ्यांतील शतकानुशतकांची चर्मपत्रे एकाएकी निरुपयोगी झाली. कित्येकांचे दिव्यांचे पडदे आणि नगाऱ्यांची कातडी झाली. मॅनर-कचेऱ्यांच्या नोंदींस मात्र १९२४ च्या दुरुस्ती कायद्याने ‘मास्टर ऑफ द रोल्स’ या अधिकाऱ्याच्या देखरेखीचे संरक्षण मिळाले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश रेकर्ड्‌स असोसिएशनने वकिलांकडील गठ्ठे वाचवून परगण्यांच्या दप्तरखान्यांत पोचविण्याचे काम अंगावर घेतले. नॉर्फोकचा दप्तरखाना १९६३ मध्ये सुरू झाला. १ ऑगस्ट १९९४ रोजी नॉरिचचे मध्यवर्ती ग्रंथालय जळाले तेव्हा त्याच्या तळघरात असलेले हे दप्तर पाण्याने भिजले, पण वाचले.

या कायद्यांची मर्यादा स्पष्ट आहे. मॅनरच्या नोंदी सांभाळल्या जातात; खाजगी पत्रे, खते आणि हिशेब यांचा मालक त्यांचे हवे तसे भाग पाडून विकू शकतो. देशाबाहेर नेताना परवाना लागतो, घरातल्या घरात रुमाल फोडण्यास लागत नाही. परिणामी एक चमत्कारिक व्यवहार रूढ झाला आहे : ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ ही रिकामी पदवी आजही लिलावात चांगल्या किमतीस जाते, आणि त्या मॅनरच्या नोंदी बहुधा परगण्याच्या दप्तरखान्यात, पदवी घेणाऱ्याने कधी न पाहिलेल्या, असतात. पदवीबरोबर जमीन येत नाही. कुळांच्या नावांची यादी मात्र दप्तरखान्यात मागणाऱ्या कोणत्याही अभ्यासकास पाहावयास मिळते.